म्युलरथाल ट्रेल, लक्झेंबर्ग: साठी उलटलेल्या दोघांचा अभिप्राय

निकाल आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी पुढचं वाचायला नको. या वाटेच्या तीन फेऱ्या आहेत. दोन नंबरची फेरी डोळे झाकून करा. तीन नंबरची किल्ल्यांसाठी करा. एक नंबरची वेळ उरला तरच.

मी साताऱ्याचा. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता पाऊस नसला की सकाळी अजिंक्यतारा चढून येतो. मुलगा-सून लक्झेंबर्ग शहरात नोकरीला असतात. मे-जूनमध्ये आम्ही दोघं त्यांच्याकडे राहून आलो. पोरं सकाळी ऑफिसला गेली की सासू-सासऱ्यांनी दिवसभर त्या बंद खिडक्यांच्या घरात करायचं काय, हा परदेशी गेलेल्या प्रत्येक आईबापाचा प्रश्न असतो. टीव्ही कळत नाही, शेजारी बोलत नाहीत, आणि भांडी घासायला मशीन. सुनेनं पहिल्याच आठवड्यात एक नकाशा हातात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, हे बघा, तुमच्या कामाचं आहे." त्यावर ही वाट होती. तेव्हा हा अभिप्राय मुख्यतः आमच्यासारख्यांसाठी आहे: ज्यांना चालायची सवय आहे, पण गुडघ्याला विचारल्याशिवाय काही ठरवता येत नाही. तरण्या पोरांनी वाचला तरी हरकत नाही.

आधी रचना समजून घ्या. लक्झेंबर्ग हा सगळा देश मिळून 2,586 चौरस किलोमीटरचा, म्हणजे पुणे जिल्ह्याचा जेमतेम सहावा हिस्सा. त्याच्या पूर्वेला, जर्मनीच्या हद्दीला लागून म्युलरथाल नावाचा डोंगराळ पट्टा आहे. डोंगराळ हा शब्द त्यांचा. उंची चारशे मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे त्याला कुणी नावही ठेवलं नसतं. पण गंमत उंचीत नाही, खोलीत आहे. वरून सपाट शेतं दिसतात आणि मधेच जमीन फाटून खाली दरी, दरीत बीचचं जंगल आणि जंगलात घराएवढाले खडक. या भागाला ते 'छोटं स्वित्झर्लंड' म्हणतात. आपण तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणतो, तसलाच प्रकार. स्वतःच्या नावावर कुणाचा भरवसा नसतो.

वाटेची एकूण लांबी 112 किलोमीटर. पहिली फेरी 38 आणि बाकीच्या दोन 37-37. प्रत्येक फेरी जिथून निघते तिथंच परत येते. पहिली आणि दुसरी एश्टरनाख गावात जुळतात, दुसरी आणि तिसरी म्युलरथाल नावाच्याच खेड्यापाशी. झाडावर, खांबावर, कुंपणावर लाल 'एम' रंगवलेला असतो, तो धरून चालायचं. फाट्यांवर पाट्या आहेत, त्यांवर पुढचं गाव आणि अंतर. हा 'एम' इतक्या ठिकाणी आहे की मोबाइलमधला नकाशा काढायची वेळ क्वचित येते. ज्यांनी सह्याद्रीत ढोरवाटा चुकवत, गुराख्याला हाका मारत दिवस काढले आहेत त्यांना सुरुवातीला थोडं मिळमिळीत वाटेल. दोन तासांनी, दोन्ही बाजूंना सारखंच दिसणारं जंगल लागलं की तोच 'एम' देवासारखा वाटायला लागतो.

आता बस. यावर मी जास्त लिहिणार, कारण माझा विषय आहे आणि या वाटेचं अर्धं मर्म त्यात आहे.

एश्टरनाखला रेल्वे नाही. पूर्वी होती, ती बंद झाली आणि त्या जागेवर आता सायकलचा रस्ता आहे. लक्झेंबर्ग शहरातून बसनं पाऊण-एक तासात पोचता येतं. बसमध्ये वाहक नाही, तिकीट नाही, तिकिटाचं मशीनही नाही. 2020 पासून या देशात बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग फुकट आहे. रहिवाशाला तसा पाहुण्यालाही. आपल्याकडे एसटीत पंचाहत्तरी गाठली की फुकट, त्याआधी पासष्टपासून अर्धं तिकीट, आणि 2023 पासून बायकांना अर्धं. पण त्यासाठी आधार कार्ड काढा, वाहकाला दाखवा, तो जन्मतारीख बघणार. इथं वयाचा दाखला कुणी मागत नाही. मी मुलाला विचारलं, "अरे, मग भारमान काय, म्हणजे गाडी भरते किती, आणि उत्पन्न काय?" तो म्हणाला, तिकिटातून खर्चाचा साधारण दहावा हिस्साच निघायचा, बाकी सरकार भरतच होतं, मग म्हणाले, तेवढ्यासाठी तिकीट कशाला. हिशेब पटला. सवय मात्र झाली नाही. चढताना प्रत्येक वेळी हात खिशाकडे जायचाच. एक लक्षात ठेवा, हे सगळं देशाच्या हद्दीपुरतं आहे. पूल ओलांडून जर्मनीत गेलात की तिकीट सुरू.

या फुकट बसचा वाटेशी संबंध असा, की 37 किलोमीटर हा आकडा बघून घाबरायचं कारण उरत नाही. फेरी एका दमात पुरी करायची सक्ती कुणाची नाही. दर काही किलोमीटरवर एक गाव लागतं, गावात बसचा थांबा असतो, थांब्यावर वेळापत्रक चिकटवलेलं असतं आणि बस त्याप्रमाणे येते. गुडघा कुरकुरला, आभाळ भरून आलं, किंवा नुसता कंटाळा आला, की बाहेर पडायचं आणि संध्याकाळी चहाला घरी. पुन्हा चार दिवसांनी त्याच थांब्यावर उतरून पुढं चालायला लागायचं. आम्ही अशीच तुकड्या-तुकड्यानं केली. मुक्काम करून सलग चालणारेही पुष्कळ असतात. त्यांच्या बॅगा एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात पोचवायची सोय आहे, आणि स्वस्तात राहायला एश्टरनाख, बोफोर्त इथं युवा वसतिगृहं आहेत. तंबू मात्र वाटेल तिथं ठोकता येत नाही, त्याला बंदी आहे.

एश्टरनाख हे देशातलं सगळ्यात जुनं गाव म्हणवतं. इंग्लंडच्या उत्तर भागातून आलेल्या विलिब्रोर्ड नावाच्या साधूनं 698 साली इथं मठ काढला. तो तिथंच वारला, बॅसिलिकाच्या, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चच्या, तळघरात त्याची समाधी आहे. या मठात हातानं पोथ्या लिहिल्या जात. सोन्याच्या शाईनं लिहिलेली त्यांची सगळ्यात नावाजलेली पोथी आता न्यूरेम्बर्गच्या संग्रहालयात आहे, म्हणजे इथं येऊन ती दिसणार नाही. चौकात कमानींची जुनी कचेरी, दगडी फरसबंदी, तटाचे काही बुरूज. बुरुजांत आता पर्यटकांना राहायला खोल्या केल्या आहेत.

पण माहितीपत्रकात जे ठळक अक्षरांत नसतं ते सांगतो. जुनं गाव म्हणून जे दिसतं त्यातलं बरंच नंतर बांधलेलं आहे. 1944 च्या डिसेंबरात जर्मनांनी आर्देनच्या जंगलभागात शेवटचा मोठा हल्ला चढवला, त्यात हे गाव सापडलं आणि बॅसिलिकाही पडली. ती पुन्हा उभारून 1953 मध्ये खुली केली. नदीपलीकडे, दगड मारला तर पोचेल इतक्या अंतरावर, जर्मनी. झाउअर नदीच्या काठावर बसून डबा खाताना समोरच्या काठावर आपल्यासारखीच डबा खाणारी माणसं दिसतात, आणि मधल्या पाण्यातून हद्द जाते हे सांगितल्याशिवाय कळत नाही. गावाबाहेरच्या तलावापाशी रोमन हवेलीचे पायेही आहेत. तलाव खोदताना सापडलेले. सावकाश बघा, घाई नको.

आणि शक्य असेल तर पेंटेकॉस्टनंतरच्या मंगळवारी जा. हा ख्रिस्ती सण ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येतो, म्हणजे मे किंवा जूनमध्ये. त्या दिवशी गावात नाचत जाणारी मिरवणूक असते. ओळीत उभी राहिलेली माणसं, दोघांच्या मधे पांढरा रुमाल, त्याची टोकं दोघांनी धरलेली, आणि बँडच्या एकाच चालीवर डावीकडे उडी, उजवीकडे उडी, असं करत रस्त्यांमधून थेट विलिब्रोर्डच्या समाधीपर्यंत. शाळेतली पोरं, म्हातारे, सगळे. युनेस्कोनं 2010 साली तिची वारशाच्या यादीत नोंद केली आहे. सौ.चं माहेर लोणंद, लहानपणापासून दारात पालखी बघितलेली. दोन ओळी पुढं गेल्यावर ती म्हणाली, "अहो, ही तर पावली!" आणि फुटपाथवर उभ्या उभ्या तिचे पाय हलायला लागले. शेजारच्या एका आजीबाईंनी ते पाहिलं आणि मान डोलावली. भाषा एकमेकींची एक अक्षर कळत नव्हती.

आता दुसरी फेरी, जिच्यासाठी हा सगळा प्रपंच.

गावातून बाहेर पडलं की लगेच चढ. चढून गेल्यावर एका टेकाडावर मंडप आहे, तिथून बॅसिलिकाचे चारही मनोरे आणि नदीचं वळण दिसतं. दम खायला बरी जागा. तिथून जंगलात शिरलं की थोड्या वेळात 'लांडग्याची घळ' येते. दोन उभे कडे आणि मधून पायऱ्या. भर उन्हाच्या दिवशी आत गारवा असतो, भिंतींवर शेवाळ आणि नेचे. मे महिन्यात खाली जमिनीवर रानलसणीची पांढरी फुलं पसरलेली असतात आणि सगळ्या जंगलाला लसणीचा वास. सौ. म्हणाली, नुसती फोडणी द्यायची बाकी आहे.

हा दगड आपल्या ओळखीचा नाही. आपला सह्याद्रीचा कातळ काळा, लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हातोड्यानं मारलं तर ठिणगी उडेल. इथला वालुकाश्म, पिवळसर, साधारण वीस कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू. अंगठा घासला तर खरोखर वाळूचे कण हाताला लागतात. या दगडाच्या थराखाली मऊ चिकणमातीचा थर आहे. वरचं पाणी दगडातून झिरपत खाली येतं, मातीशी थांबतं, माती भिजून निसरडी होते आणि दरीच्या कडेचे दगडाचे अवजड ठोकळे हळूहळू दरीकडे सरकतात. सरकताना मधे ज्या भेगा पडतात, त्याच या घळी. म्हणजे आपण ज्या बोळातून चालतो तो पाण्यानं कोरलेला नाही, दगड बाजूला सरल्यामुळं झालेला आहे. हे कळल्यावर दोन्ही भिंतींकडे बघा: इकडचा फुगवटा तिकडच्या खोबणीत बसेल असा काही ठिकाणी दिसतो. मला हे एका माहितीफलकावरच्या चित्रावरून कळलं. असे फलक वाटेवर जागोजाग आहेत आणि शाळकरी पोरालाही कळतील असे आहेत. 2022 साली या सगळ्या भागाला युनेस्कोचा जिओपार्क, म्हणजे खडकांच्या रचनेसाठी जपलेला प्रदेश, म्हणून दर्जा मिळालाय. त्यामुळं नियमही आहेत: वाट सोडायची नाही, खडकावर नावं कोरायची नाहीत. दोराच्या गिर्यारोहणाला बेर्डॉर्फ गावाजवळ ठरावीक कडे आहेत आणि तिथंही परवाना लागतो.

पुढं पेरेकोप नावाचा सुळका लागतो, साधारण चाळीस मीटर उंच, रस्त्याच्या अगदी कडेला. त्याच्या भेगेतून पायऱ्यांनी वर जाता येतं. मी गेलो. वर कठडा आहे, झाडांचे शेंडे दिसतात, ठीक आहे. खरी थांबायची जागा त्यापुढची: बेर्डॉर्फच्या अलीकडची होहलाय गुहा. गुहा म्हणण्यापेक्षा खाण म्हणा. मध्ययुगापासून पुढं कित्येक शतकं इथून जात्याच्या तळ्या काढल्या गेल्या. दगडावर गोल आखायचा, त्याच्या कडेनं टाकीनं खोबण पाडायची, ती खोल करत न्यायची आणि मग पाचर मारून अख्खी चकती उचकटायची. चकती निघून गेली, तिचा गोल खळगा मागं राहिला. असे खळगे भिंतीला आहेत, खांबांना आहेत, आणि डोक्यावर छतालाही आहेत. एकात एक शिरलेले, अर्धवट सोडलेले. सौ.नं एका खळग्यावर हात ठेवला. टाकीचे घाव तिरपे, बोटाच्या अंतरावर, एका दिशेनं मारलेले स्पष्ट लागत होते. तिच्या आईकडे घरच्या जात्याला टाकी लावायला बाई यायची, ती कडेपासून मधल्या भोकाकडे कशी टाकी मारत यायची हे ती मला तिथं उभं राहून करून दाखवू लागली. मागून एक डच जोडपं आलं, तेही थांबलं. मग तिनं त्यांनाही हातवारे करून दळण दाखवलं. आम्ही त्या गुहेत बसून डबा खाल्ला, आणि उठायला नको वाटत होतं.

बेर्डॉर्फ हे वरच्या सपाटीवरचं शेतकऱ्यांचं गाव. तिथल्या चर्चमध्ये वेदीच्या जागी रोमन काळातला दगड आहे, त्यावर मिनर्व्हा, जुनो, अपोलो आणि हर्क्युलिस असे चार जुने देव कोरलेले. नवा देव आला, जुन्यांना खाली आधाराला ठेवलं. आपल्याकडेही असं पुष्कळ ठिकाणी झालंय, त्यामुळं नवल वाटलं नाही, बरं वाटलं.

कॉन्सडॉर्फजवळ कुलशायर नावाची एक भेग आहे, तिच्याबद्दल इशारा देऊन ठेवतो. आत अंधार, बॅटरी लागतेच, आणि काही ठिकाणी आडवं होऊन सरकावं लागतं. पाठीवरची पिशवी काढून हातात धरायची. पोट सुटलेल्यांनी आधी विचार करावा. सौ. तोंडाशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्ही या जाऊन. विम्याचे कागद कुठं ठेवलेत तेवढं सांगून जा." मी जाऊन आलो, शर्ट पिवळा झाला. बाहेरून वळसा घालून जाता येतं, तेव्हा ज्यांना बंद जागेची भीती आहे त्यांनी खुशाल वळसा घालावा.

म्युलरथालचा धबधबा हा या सगळ्या भागाचा फोटोतला चेहरा. प्रत्येक पत्रकावर तोच. काळी एर्न्त्स नावाचा ओढा, त्यावर 1879 सालचा दगडी पूल आणि पुलाखालून तीन धारांत पडणारं पाणी. ठोसेघर बघितलेल्या माणसानं मनाची तयारी करून जावं: उंची मोजायला फार लांब टेप लागणार नाही. पूल देखणा आहे, जागा सुंदर आहे, वाद नाही. पण शेजारून डांबरी रस्ता जातो, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग आणि मोटरसायकलींचा आवाज, आणि पुलावर फोटो काढणाऱ्यांची पाळी. मधल्या वारी सकाळी गेलात तर तोच पूल तुमच्या एकट्याचा. जवळच एक जुनी गिरणी दुरुस्त करून तिथं माहिती केंद्र केलंय. स्वच्छतागृहाची सोय तिथं करून घ्या, कारण जंगलात ती नाही.

खाण्याच्या बाबतीत ही वाट नापास. निदान शाकाहाऱ्यांसाठी. इथलं मूळ जेवण म्हणजे धुरावलेलं डुकराचं मांस आणि त्याबरोबर शेंगांचे दाणे. एका खानावळीत, नाव सांगत नाही, आम्ही हिरव्या शेंगांचं सूप मागवलं. घेण्याआधी दोनदा विचारलं, मांस नाही ना? नाही म्हणाला. सूप आलं, सौ.नं चमचा फिरवला, तळातून गुलाबी तुकडे वर आले. विचारलं तर पोरगा अगदी निरागसपणे म्हणाला, "ते मांस नाही, चवीपुरतं बेकन आहे." सूप मी संपवलं, ती पावावर राहिली. चालेल असा एक पदार्थ म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या वड्या: किसलेला बटाटा, कांदा, अंडं, पार्स्ली. अंडं चालत असेल तर खा, सोबत सफरचंदाचा गोड गर देतात. आणि चीज चांगलं मिळतं, विशेषतः बेर्डॉर्फचं. बाकी दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी चूल बंद होते ती संध्याकाळी सहापर्यंत, आणि रविवारी दुकानंही फारशी उघडी नसतात. आम्ही नंतर घरूनच दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेऊ लागलो. बाक मात्र भरपूर आहेत, आणि तेही बसणाऱ्याचा विचार करून ठेवलेले: दरीकडे तोंड, पाठीला टेकण.

तिसऱ्या फेरीवर दोन किल्ले. बोफोर्त हे नाव ऐकून आमच्या पिढीला तोफ आठवते, पण इथं आहे तो ओढ्याकाठचा दगडी किल्ला. बाराव्या शतकापासून सतराव्यापर्यंत टप्प्याटप्प्यानं वाढत गेलेला. मग मालकाला तो गैरसोयीचा वाटला आणि त्यानं सतराव्या शतकाच्या मध्याला शेजारीच नवा वाडा बांधायला घेतला. जुना तसाच सोडून दिला. आता जुन्याचे अवशेष तिकीट काढून बघायचे. आत जिने, तळघर, शिक्षेची कोठडी सगळं फिरून बघता येतं. हिवाळ्यात बंद असतो. इथं काळ्या करवंदासारख्या एका बोराचं, कासीसचं, मद्य बनतं. एक घोट घेतला, खोकल्याचं औषध आठवलं. ज्यांना त्यातलं कळतं ते वाखाणतात.

लारोशेतचा किल्ला मला जास्त आवडला. गावाच्या डोक्यावर कड्याच्या टोकाला, खाली पांढरी एर्न्त्स. एका घराण्याच्या शाखा वाढल्या आणि प्रत्येकीनं त्याच तटाच्या आत स्वतःचा वेगळा वाडा बांधला; भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडेच होती असं नाही. 1565 साली आग लागली आणि बरंच जळालं. त्यातला एक वाडा आता नीट डागडुजी करून उभा केलाय. डागडुजी कुठं केली आहे ते दिसू दिलंय, नवा दगड जुना भासवायचा खटाटोप नाही. तटावर उभं राहिलं की खाली गावातून पोर्तुगीज ऐकू येतं. या गावात पोर्तुगालहून आलेली माणसं फार आहेत. बेकरीतल्या बाई, बांधकामावरची माणसं, शाळा सुटल्यावरची पोरं, सगळी तीच भाषा बोलतात. बेकरीत अंड्याच्या गराचे छोटे टार्ट मिळाले, गरम. अख्ख्या वाटेवर पोटाला मिळालेलं सगळ्यात चांगलं ते.

बोफोर्तजवळ हालर नावाच्या ओढ्याकाठची वाट आहे, ती चुकवू नका. ओढा दगडांमधून वळत जातो, दगडांवर हिरवं जाड शेवाळ, लाकडी साकव. चढ नाही म्हटलं तरी चालेल. गुडघ्याला ही वाट मानवते. समोरून येणारा प्रत्येक जण "मोइएन" म्हणतो, तो नमस्कार. आपणही म्हणायचं. पहिल्या दिवशी सौ. लाजत होती, नंतर लांबूनच ओरडायला लागली.

पहिली फेरी मी थोडक्यात आटपतो, कारण वाटही तशीच आहे. शेतं, सफरचंदाच्या बागा, नदी, अधूनमधून डांबरी. सावली कमी. रोस्पोर्ट गावात मात्र थांबा. बाटलीबंद खनिज पाण्याचं गाव, आणि आन्री ट्यूडोर या इंजिनिअरचंही. 1880 च्या दशकात त्यानं शिशाची बॅटरी अशी सुधारली की ती रोजच्या वापरात टिकायला लागली, आणि स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावले. त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. लोडशेडिंगमध्ये ज्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलंय त्यांनी या माणसाला हात जोडून यावं.

चालताना काळजी कशाची घ्यायची? जळवा नाहीत, साप दिसले नाहीत. गोचीड मात्र आहे, आणि तिच्यापासून होणारा लाइमचा आजार तिकडे लोक गंभीरपणे घेतात. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागं, काखेत, मानेवर बघून घ्यायचं. पाऊस पडून गेल्यावर लाकडी साकव आणि दगडी पायऱ्या घसरतात. काठी न्या, एक नाही दोन. उतार चढापेक्षा जास्त त्रास देतात, आणि पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत. पाणी घरून न्या. ओढ्याचं पिऊ नका. बाबागाडी किंवा चाकाची खुर्ची घेऊन घळीत जाता येणार नाही, हे ज्यांची नातवंडं लहान आहेत त्यांनी लक्षात घ्यावं.

पाचपैकी चार. एक गुण कापला तो निम्मा खाण्यासाठी आणि निम्मा धबधब्याजवळच्या गाड्यांसाठी.

एकच दिवस हाताशी असेल तर सकाळच्या बसनं एश्टरनाखला उतरा, बॅसिलिका बघा, मग लांडग्याची घळ, पेरेकोप, होहलाय करत बेर्डॉर्फला या. आमच्या चालीनं, डबा-विश्रांती धरून, दुपार होते. बेर्डॉर्फला चर्चमधले चार देव बघून तिथूनच परतीची बस धरा. रविवार असेल तर निघण्याआधी परतीच्या फेऱ्यांचा फोटो काढून ठेवा, त्या दिवशी फेऱ्या कमी असतात. आणि बस येताना दिसली की थांब्यावर नुसतं उभं राहू नका, हात दाखवा. आपल्याकडच्यासारखंच आहे, हात दाखवला नाही तर तो पुढं निघून जातो.